बारावीची मॅट्रिक्स गेममध्ये! आगीचं रिंगण उभं करायचं, तर क्रम चुकवू नका

बारावी सायन्सच्या गणितात मॅट्रिक्सचं प्रकरण असतं. पोरं ते पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. एक उत्तर मोबाईल आणि कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये सापडतं. तिथल्या ठिणग्या, धूर, ज्वाळा हव्या तशा वळवायच्या असतील तर हीच मॅट्रिक्स वापरावी लागते.

पार्टिकल म्हणजे काय?

माइनक्राफ्ट हा गेम घ्या. टॉर्चची ज्योत, स्फोटाचा धूर, पोर्टलभोवतीचे जांभळे कण, या सगळ्यांना पार्टिकल म्हणतात. प्रत्येक कण म्हणजे एक छोटं सपाट चित्र. तो कुठे आहे हे तीन आकड्यांत लिहिलेलं असतं: एक्स आणि झेड म्हणजे जमिनीवरच्या दोन दिशा, वाय म्हणजे उंची. मूळ गेममध्ये आपल्या मनाने बदल करणं किंवा भर घालणं म्हणजे मॉडिंग. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे मॉड जावा भाषेत लिहितात.

एक रिंगण, ३६ ज्वाळा

समजा, खेळाडूच्या पायाभोवती २ ब्लॉक त्रिज्येचं ज्वाळांचं रिंगण केलं. दर १० अंशांवर एक, म्हणजे ३६ कण. रिंगण जमिनीवर आडवं आहे. आता ते कमानीसारखं उभं करायचंय. ३६ ठिकाणं नव्याने शोधत बसायची का? गरज नाही. एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवणारी एकच मॅट्रिक्स लिहायची आणि प्रत्येक कणाच्या जागेला तिने गुणायचं. (०, ०, -२) वरची ज्वाळा (०, २, ०) वर जाते, म्हणजे थेट डोक्यावर. (२, ०, ०) वरची मात्र जागची हलत नाही, कारण ती अक्षावरच आहे.

पण रिंगणाचा मध्य अजून पायापाशीच आहे. त्यामुळे खालचा अर्धा भाग जमिनीत गाडला जातो. म्हणून सगळं २ ब्लॉक वर उचलायचं.

१६ आकडे कशासाठी?

फिरवणं आणि लहान-मोठं करणं ३ बाय ३ च्या, म्हणजे ९ आकड्यांच्या मॅट्रिक्समध्ये बसतं. सरकवणं बसत नाही. शून्याला कितीही गुणा, शून्यच येणार, त्यामुळे मध्यबिंदू जागचा हलतच नाही. यावर तोडगा म्हणजे प्रत्येक ठिकाणाला चौथा आकडा १ जोडायचा आणि ४ बाय ४ ची मॅट्रिक्स घ्यायची. किती सरकायचं ते तिच्या शेवटच्या उभ्या रांगेत लिहितात. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या माइनक्राफ्ट १.१९.४ मध्ये ‘डिस्प्ले एन्टिटी’ नावाची सोय मिळाली. तिथे तर कमांडमध्येच असे १६ आकडे देता येतात.

घोळ होतो तो इथे

आधी उचललं आणि मग फिरवलं तर? रिंगणाचा मध्य आधी (०, २, ०) वर जातो आणि फिरवल्यावर (०, ०, २) वर येतो. म्हणजे कमान खेळाडूपासून २ ब्लॉक लांब जाते आणि तिथेही अर्धी जमिनीतच!

खळ्यावरचा तिवडा आठवा. बैल तिवड्याभोवतीच फिरतो. तिवड्यापासून जितका लांब, तितका घेर मोठा. मॅट्रिक्सचा तिवडा म्हणजे शून्य बिंदू. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी लहान-मोठं करा, मग फिरवा आणि शेवटी सरकवा.

त्यातही एक मेख आहे. माइनक्राफ्टमध्ये गणितासाठी जॉमल नावाची लायब्ररी आहे. तिच्यात शेवटी लिहिलेली क्रिया कणाला आधी लागते. त्यामुळे कोडमध्ये ‘ट्रान्सलेट’ आधी आणि ‘रोटेट’ नंतर लिहावं लागतं. नवखे मॉडर इथेच अडकतात.

आणखी दोन चुका

पहिली वेगाची. कण कुठे आहे आणि कुठल्या दिशेने चाललाय, या वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाला चौथा आकडा १ नाही, ० द्यायचा. १ दिला तर उचलण्याचे २ ब्लॉक वेगात मिसळतात आणि ठिणगी रॉकेटसारखी वर पळते.

दुसरी चित्राची. बहुतेक कण कायम खेळाडूकडे तोंड करून असतात. जागा फिरवली तरी ज्योतीचं चित्र आडवं होत नाही. ते फिरवायचं तर चित्र काढण्याच्या कोडमध्ये वेगळा बदल लागतो.

घरी करून बघायचंय?

माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो. गोडो हे गेम इंजिन मात्र मोफत आहे. त्याच्या पार्टिकल शेडरमध्ये प्रत्येक कणाला स्वतःची मॅट्रिक्स मिळते. कॉम्प्युटर नसेल तरी अडत नाही. आलेखाचा कागद घ्या, एक बिंदू आधी फिरवून मग सरकवा. तोच बिंदू आधी सरकवून मग फिरवा. दोन उत्तरं वेगळी आली, की ‘एबी आणि बीए सारखे नसतात’ हा पुस्तकातला नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.