अवजाराचा आराखडा संगणकीय विश्लेषणात नेताना घ्यावयाची दक्षता

पावसाने उघडीप दिल्यानंतर जमिनीला येणारा वाफसा फार दिवस टिकत नाही. त्या मोजक्या दिवसांत कल्टिव्हेटरचा फण वाकला किंवा मोडला, तर मशागत आणि पुढील पेरणी दोन्ही लांबणीवर पडतात. म्हणूनच नवीन अवजार शेतात नेण्यापूर्वी त्याची मजबुती संगणकावर तपासण्याची पद्धत कृषी अभियांत्रिकीत रुजली आहे. अवजाराचा त्रिमितीय आराखडा कॅड प्रणालीत तयार केला जातो. त्यानंतर तो विश्लेषण प्रणालीत नेऊन लहान लहान घटकांच्या जाळीत विभागला जातो आणि मातीच्या विरोधामुळे निर्माण होणारे प्रतिबल व वाक काढले जातात.

या साखळीतील सर्वाधिक दुर्लक्षित दुवा म्हणजे आराखडा एका प्रणालीतून दुसरीत आयात करण्याचा टप्पा. आयात पूर्णपणे फसली, तर ते लगेच कळते. ती अंशतः चुकली, तर मात्र संगणक अनेकदा कोणतीही तक्रार न करता रंगीत चित्रासह उत्तर देतो. असे उत्तर विश्वासार्ह मानून अवजार तयार केल्यास चूक थेट शेतात उघड होते. हे टाळण्यासाठी संशोधक व विद्यार्थ्यांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

दोषांचे मूळ

कॅड प्रणालीत वस्तूची नोंद पृष्ठे, कडा, शिरोबिंदू आणि त्यांचे परस्परसंबंध या स्वरूपात असते. हे गणित सांभाळणाऱ्या गाभ्यास भूमितीय कर्नल म्हणतात. पॅरासॉलिड, एसिस आणि ओपन कॅस्केड ही त्याची परिचित उदाहरणे होत. दोन कडा किती जवळ असल्या म्हणजे एकच मानाव्यात, याची मर्यादा प्रत्येक कर्नलमध्ये वेगळी असते. त्यामुळे एका प्रणालीत बंदिस्त असलेली घनवस्तू दुसरीत बारीक फटी असलेली ठरू शकते.

देवाणघेवाणीच्या फाइलचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. १९८० मध्ये आलेल्या आयजीईएस स्वरूपाचा वापर प्रामुख्याने पृष्ठांसाठी होत असल्याने वस्तू अनेकदा सुट्या पृष्ठांच्या रूपात पोहोचते. आयएसओ १०३०३ या मानकावर आधारित स्टेप स्वरूप घनवस्तू अधिक चांगल्या रीतीने जपते. एसटीएल स्वरूपात केवळ त्रिकोणांचा संच असतो; त्यात मापाचे एकक नोंदविलेले नसते आणि वक्र भाग सपाट तुकड्यांत मोडतो. दोन्ही प्रणालींचा कर्नल एकच असल्यास त्याच कर्नलची फाइल वापरावी, अन्यथा स्टेपला प्राधान्य द्यावे. मातीच्या कणांचे अनुकरण करणाऱ्या प्रणालींत अवजाराचा आकार बहुधा त्रिकोणी पृष्ठांच्या रूपातच दिला जातो. तेथे नांगराच्या वक्र पाटीसाठी त्रिकोण पुरेसे बारीक ठेवावेत.

एककाची चूक : एक उदाहरण

समजा, फणाची सरळ दांडी ६०० मिमी लांब, ५० मिमी खोल व २० मिमी जाड पोलादी पट्टीची आहे. तिचे आकारमान ६,००,००० घन मिमी भरते. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरल्यास वजन सुमारे ४.७ किलो येते. दांडीच्या पकडीपासून ५०० मिमी अंतरावर, खोलीच्या दिशेने १००० न्यूटन बल लावले, तर पकडीजवळ वाकण्याचे प्रतिबल ६० मेगापास्कल येते. हा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो.

आता हीच मापे आयात करताना इंच म्हणून वाचली गेली असे मानू. प्रत्येक माप २५.४ पटींनी वाढेल आणि वजन सुमारे ७७ टन होईल. बल मात्र तेवढेच ठेवल्यास प्रतिबल सुमारे ६४५ पटींनी घटून ०.१ मेगापास्कलच्याही खाली जाईल. चित्रात फण अत्यंत सुरक्षित दिसेल. चूक येथे सुरक्षिततेचा आभास निर्माण करते, हाच तिचा खरा धोका आहे. आयातीनंतर केवळ वजन पाहिले असते, तर ती तत्क्षणी सापडली असती.

फटी, चिंचोळी पृष्ठे आणि सरलीकरण

जाळी तयार होत नसेल, तर बहुधा फट, एकावर एक आलेली दुहेरी पृष्ठे, अतिशय लहान कडा किंवा धाग्यासारखी चिंचोळी पृष्ठे कारणीभूत असतात. जाळीचे घटक सरसकट बारीक करणे हा त्यावरील उपाय नव्हे. प्रथम प्रणालीतील भूमिती-तपासणीचे साधन चालवून दोषाची जागा शोधावी, फट शिवावी आणि चिंचोळे पृष्ठ शेजारच्या पृष्ठात विलीन करावे. मुक्त स्रोत असलेल्या फ्रीकॅडमध्येही अशी तपासणी करता येते. दोष वारंवार येत असल्यास मूळ आराखड्यातील ती रचना नव्याने काढणे अधिक श्रेयस्कर.

बोल्टचे आटे, कोरलेली अक्षरे आणि भार न वाहणारी लहान छिद्रे काढून टाकण्यास हरकत नाही. मात्र फणाच्या वळणावरील किंवा दांडीच्या पायथ्याशी असलेली गोलाई काढू नये. ती काढल्यास आतला कोपरा तीक्ष्ण होतो आणि जाळी जितकी बारीक करावी तितके तेथील प्रतिबल वाढत जाते. ते कोणत्याही एका आकड्यावर स्थिरावत नाही. अशा आकड्यावरून पोलादाची जाडी ठरविणे चुकीचे होय.

जोडणीतील दोष

फण, पकड व चौकट हे भाग कॅडमध्ये एकमेकांना टेकलेले दिसतात. पण विश्लेषण प्रणालीत त्यांचा संबंध वेगळा निश्चित करावा लागतो. मध्ये किंचित अंतर राहिले, तर भाग सुटा राहतो आणि गणना थांबते किंवा अवास्तव विस्थापन दिसते. याउलट संपूर्ण स्पर्शपृष्ठ चिकटलेले मानल्यास, केवळ कडेने वेल्डिंग केलेली जोडणी प्रत्यक्षापेक्षा ताठर ठरते. सुटा भाग ओळखण्यासाठी सर्व आधार काढून नैसर्गिक वारंवारता काढाव्यात. एकसंध अवजारास शून्याजवळच्या सहाच वारंवारता मिळतात. त्याहून अधिक आढळल्यास एखादा भाग किंवा सांधा मोकळा आहे, असे समजावे.

तपासणीचा क्रम

१. आयातीपूर्वी दडवलेले व अनावश्यक भाग आराखड्यातून काढावेत आणि मापाचे एकक लिहून ठेवावे.
२. आयातीनंतर एकूण लांबी, आकारमान, वजन व घनवस्तूंची संख्या मूळ आराखड्याशी ताडून पाहावी.
३. भूमिती-तपासणी करून फटी व दुहेरी पृष्ठे दूर करावीत.
४. सरलीकरणानंतर वजन पुन्हा पाहावे आणि काढलेल्या बाबींची नोंद ठेवावी.
५. प्रत्येक जोडणी स्वतंत्रपणे तपासावी. प्रणालीने आपोआप ठरविलेल्या संबंधांवर विसंबू नये.
६. साधे बल लावून उत्तर हातच्या हिशेबाशी जुळते का ते पाहावे आणि मगच मातीचे प्रत्यक्ष बल लावावे.
७. जाळी बारीक करून प्रतिबल स्थिरावते का, याची खात्री करावी.

ही तपासणी संपूर्ण विश्लेषणाच्या तुलनेत अल्पावधीत होते. प्रबंध व प्रकल्प अहवालांत प्रतिबलाच्या चित्राशेजारी आयात केलेल्या भूमितीचे वजन आणि हातचा हिशेब नोंदविण्याची प्रथा पडल्यास मार्गदर्शकांनाही चूक वेळीच ओळखता येईल. संगणकीय विश्लेषण शेतातील चाचणीची जागा घेऊ शकत नाही. मात्र चाचणीसाठी योग्य नमुना निवडण्यास ते निश्चितच साहाय्यभूत ठरते. त्यासाठी संगणकात पोहोचलेला फण आणि कार्यशाळेत घडणारा फण एकच असल्याची खात्री सर्वप्रथम करून घ्यावी.