नेट नेमकं कुठे तुटतं?

४ ऑक्टोबर २०२१. रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप अर्ध्यात अडकू लागले. फेसबुक उघडेना, इन्स्टाग्राम हलेना. घरोघरी पहिला संशय गेला तो कोपऱ्यातल्या राउटरवर. कुणी तो बंद करून चालू केला, कुणी केबलवाल्याला फोन लावला. बिघाड मात्र त्या घरांत नव्हता, गल्लीतल्या केबलमध्येही नव्हता. नेहमीच्या देखभालीत दिल्या गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकची स्वतःची डेटा सेंटरं बाकीच्या इंटरनेटपासून तुटली होती. सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले, आणि त्या सहा तासांत घरचं नेट जागेवरच होतं.

‘नेट गेलं’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. पहिला टप्पा घरातला: मोबाइलपासून राउटरपर्यंत, हवेतून. दुसरा राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत, काचेच्या तंतूतून किंवा तांब्याच्या तारेतून. तिसरा टप्पा त्यापुढच्या साऱ्या जगाचा. सारखं तुटणाऱ्या नेटबद्दलचे बहुतेक गैरसमज या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. मग बिघाड गच्चीवरच्या डब्यात असताना घरात नवा राउटर येतो, किंवा दोष जुन्या अडॅप्टरचा असताना कंपनी बदलली जाते.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे ‘रेंज फुल्ल आहे, म्हणजे नेट असायलाच हवं’. मोबाइलवरच्या वाय-फायच्या कांड्या फक्त पहिल्या टप्प्याची खबर देतात. राउटर शेजारी असला की त्या पूर्ण दिसतात, मग बाहेरची केबल रस्त्यात तुटून पडलेली का असेना. अशा वेळी बऱ्याच फोनवर कांड्यांच्या बाजूला छोटं उद्गारचिन्ह येतं. त्याचा अर्थ एवढाच की फोन राउटरपर्यंत पोचला आहे, पण राउटरला पुढे वाट सापडत नाही.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीतून राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीतून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर सलग पिंग, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश, सोडून ठेवावा. नेट तुटेल तेव्हा दोन्हीकडची उत्तरं थांबली, तर गडबड घरातल्या वाय-फायची किंवा खुद्द राउटरची. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा पत्ता गप्प आहे, तर गडबड राउटरच्या पलीकडे. दोन्हीकडून उत्तरं येत असूनही वेबसाइट उघडत नसेल, तर वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा अडलेली असू शकते, किंवा ती वेबसाइटच बंद असते. मग लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर नेट टिकतं आणि हवेत तुटतं, तर कंपनीच्या माणसाला बोलावून काही उपयोग नाही.

‘मोठा प्लॅन घेतला की नेट तुटणार नाही’ हा समज खिशाला सगळ्यात महाग पडतो. वेग आणि स्थिरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एचडी व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, आणि एचडी चित्रपटासाठी नेटफ्लिक्सची शिफारस ५ एमबीपीएसची आहे. ज्या घरात ५० एमबीपीएसचा प्लॅन दर वीस मिनिटांनी तुटतो, तिथे ३०० एमबीपीएसचा प्लॅनही दर वीस मिनिटांनीच तुटेल, कारण केबल तीच, जॉइंट तोच, अडॅप्टरही तोच. स्पीड टेस्टचा आकडा इथे फसवा ठरतो. ती जेमतेम अर्धा मिनिट चालते आणि तेवढ्या वेळात नेट न तुटल्यास सगळं आलबेल दाखवते.

आता घरातली हवा. जुन्या आणि स्वस्त उपकरणांचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनल्स तीनच धरली जातात: १, ६ आणि ११. ठाण्यात किंवा पिंपरीत एखाद्या मोठ्या सोसायटीत उभं राहून फोनवर नेटवर्कची यादी उघडली, तर वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. ती सगळी त्या तीन वाटांवर एकमेकांची खोळंबून वाट पाहत असतात. रात्री नऊनंतर, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल एकदम सुरू झाले की ‘नेट तुटतं’ असं वाटतं, त्यात या गर्दीचा वाटा मोठा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा बरीच जास्त आहे, पण ही लहर भिंतीतून जाताना लवकर क्षीण होते. कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंती किंवा फ्लॅटमधले आरसीसीचे खांब तिला अडवतात. त्यामुळे जवळच्या उपकरणांना ५ आणि लांबच्यांना २.४ अशी वाटणी सोयीची पडते.

मायक्रोवेव्ह चालू केला की नेट अडखळतं, हे मात्र खरं आहे. तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि दारातून थोडी गळती होतेच. ती माणसाला अपायकारक नसते, पण वाय-फायला पुरेशी असते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर १९९८पासून काही गूढ संकेत अधूनमधून नोंदले जात होते. त्यांचा उगम २०१५मध्ये सापडला. वेळ संपण्याआधीच मायक्रोवेव्हचं दार उघडलं की ते उमटत. घरातला आणखी एक दुर्लक्षित दोषी म्हणजे राउटरला चिकटून ठेवलेली यूएसबी ३.० हार्ड डिस्क. तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२मध्येच मोजून दाखवलं आहे. डिस्क हातभर दूर सरकवली तरी फरक पडतो. राउटर टीव्हीमागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल, तर आधी त्याची जागा बदलावी आणि मगच नवा राउटर घ्यायचा विचार करावा.

‘पाऊस आला की फायबर भिजतं आणि नेट जातं.’ महाराष्ट्रात जून उजाडला की हे वाक्य ऐकू येतं. फायबरमध्ये वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. ज्या काचेतून तो जातो तिचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. पावसाचं पाणी बाहेरून लागल्याने त्या प्रकाशाचं काही बिघडत नाही. पावसात नेट जातं ते आजूबाजूच्या गोष्टींमुळे. केबल झाडांवरून आणि खांबांवरून लोंबत नेलेली असते, वाऱ्यात फांदी तिच्यावर पडते. जॉइंटचा डबा नीट बंद न केल्याने आत पाणी शिरतं. अनेक इमारतींत तर फायबर गच्चीपर्यंतच येतं. तिथल्या स्विचमधून घरोघरी तांब्याची लॅन केबल उतरवलेली असते. ही केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. उन्हापावसाने तिचं वेष्टण फाटतं, टोकांवर गंज चढतो, आणि जवळपास वीज कडाडली तर स्विचचं पोर्ट जळतं. आपल्या घरी फायबर आलं आहे असं ग्राहक समजत असतो, पण भिंतीतून येणारी वायर तांब्याची असते. राउटरला जोडलेलं टोक पाहिलं की उलगडा होतो: फायबरचं टोक बहुधा हिरव्या चौकोनी प्लास्टिकचं असतं, तांब्याचं पारदर्शक, आत आठ सोनेरी पट्ट्या असलेलं.

फायबर खरंच घरात आलं असेल तर ते ज्याला जोडलेलं असतं त्या डब्यावरचे दिवे बोलके असतात. ‘लॉस’चा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाही: केबल तुटली आहे, कुठेतरी घडी पडली आहे किंवा टोक निसटलं आहे. ‘पॉन’चा हिरवा दिवा सतत लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतोय पण केंद्राशी ओळख पटत नाही. खरी डोकेदुखी या दोन्हींच्या मधली. एकाच तंतूतला प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे घरी पोचणारा प्रकाश मुळातच अत्यल्प असतो. तो डीबीएममध्ये मोजतात. उणे १५ ते उणे २५च्या दरम्यान आकडा असला की चिंता नसते. उणे २७ म्हणजे एका मिलिवॅटचा पाचशेवा भाग, आणि इथे डबा कसाबसा तग धरतो. दाराच्या चौकटीत दबलेली केबल, खिळ्याभोवती घट्ट वळवलेला कोपरा, टोकावरचा धुळीचा एक कण, यांतलं काहीही त्याला काठावरून खाली ढकलतं. म्हणून घरी आलेल्या लाइनमनला ‘नेट चालू झालं का’ एवढंच विचारून सोडू नये. ‘पॉवर मीटरवर किती डीबीएम येतंय’ हेही विचारावं. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात कुणीही, विशेषतः मुलांनी, डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

विजेकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरचा पंखा तसाच फिरत राहतो, पण बदलाच्या त्या क्षणभराच्या खंडात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं नेट नसतं. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते वापरावं, नाहीतर राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्यावा. लाईट न जाताही राउटर दिवसातून चारदा आपोआप सुरू होत असेल, तर संशय अडॅप्टरवर घ्यावा. जुना झाला की तो भार वाढताच मान टाकतो. बदलताना व्होल्ट आणि पिनची ध्रुवता तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.

वेल्समधल्या अबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता ब्रॉडबँड कोसळत होतं. केबल बदलून झाल्या, उपयोग शून्य. शेवटी ओपनरीच या नेटवर्क कंपनीचे इंजिनिअर स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन पहाटे गावभर फिरले, आणि २०२०मध्ये कोडं सुटलं. एका घरात रोज सातला सुरू होणारा जुना टीव्ही विजेचा असा गोंगाट करत होता, की गावातल्या तांब्याच्या लाइनी त्याला बळी पडत होत्या. फायबरला असा त्रास होत नाही. पण दीड वर्षाचा गुंता सुटला तो ‘रोज सातला’ या एका नोंदीच्या धाग्याने. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात, तिथेच नेट तुटल्याची वेळ आणि लागलेले दिवे आठवडाभर टिपले, तर लाइनमनचं निम्मं काम होतं.

राउटर बंद करून चालू करणं हा उपाय खोटा नाही. त्याची भरलेली मेमरी मोकळी होते, तो नव्याने चॅनल निवडतो, केंद्राशी नवं सेशन जुळतं. मात्र रोज ते करावं लागत असेल, तर बिघाड फक्त झाकला जातो आहे. आणि मागच्या बारीक भोकात पिन घालून केलेला रीसेट म्हणजे रीस्टार्ट नव्हे. त्याने कंपनीचं युजरनेम, पासवर्ड आणि सारी मांडणी पुसली जाते, आणि साधा बिघाड दोन दिवसांचा होतो.

तक्रार तोंडी करू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२च्या नियमांनुसार ब्रॉडबँड ग्राहकाला तक्रारीचा डॉकेट नंबर मिळायला हवा, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. पुढच्या वेळी नेट तुटेल तेव्हा राउटरच्या बटणाला हात लावण्याआधी त्याच्या दिव्यांचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि ती नोंद तक्रारीला जोडा.