सुतारकाम प्रशिक्षण

सुतारकाम प्रशिक्षण म्हणजे घरे, कार्यालये, दुकाने इत्यादी इमारतींतील लाकूडकाम करण्यासाठी आवश्यक असलेले ज्ञान व हस्तकौशल्य देणारे शिक्षण होय. दारे-खिडक्यांच्या चौकटी, छपराचा सांगाडा, जिने व फर्निचर ही कामे या व्यवसायात येतात. काँक्रीट ओतण्यासाठी उभारला जाणारा साचा (शटरिंग किंवा सेंट्रिंग) हेही सुतारकामच आहे. भारतात हे प्रशिक्षण प्रामुख्याने तीन मार्गांनी मिळते: कुटुंबात किंवा मिस्त्रीच्या हाताखाली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय), आणि शिकाऊ उमेदवारीतून.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी यांची घडण व दुरुस्ती तो करीत असे आणि त्याबद्दल हंगामाला धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे. कसब बापाकडून मुलाकडे जाई. शिक्षणाची ही पद्धत खोलवर रुजलेली असली तरी ती जातीपुरती मर्यादित होती. इतर जातींतील मुलांना आणि सर्वच जातींतील मुलींना तिचे दार बहुधा बंद असे. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यावर शेतीची कामे घटली आणि अनेक सुतार इमारतकामाकडे व फर्निचरकडे वळले.

हस्तव्यवसायाला सर्वांच्या शिक्षणात स्थान देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीतच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली. त्यानंतर झाकीर हुसेन समितीने तयार केलेल्या आराखड्यात मूलोद्योगांमध्ये सूतकताई व शेती यांच्याबरोबर सुतारकामाचाही समावेश होता. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्र सरकारने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आयटीआयमधील अभ्यासक्रम याच योजनेखाली चालतात.

प्रशिक्षणाचे मार्ग

मिस्त्रीच्या हाताखाली: आजही बहुसंख्य सुतार याच मार्गाने तयार होतात. नवखा मुलगा हेल्पर म्हणून लागतो. आरंभी तो सामान उचलतो, प्लायवूड धरतो, घासकाम करतो. पुढे कापणी, जोडणी व शेवटी मोजमाप आणि आखणी त्याच्या हाती येते. शिकता शिकता मजुरी मिळते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. मात्र कोणती गोष्ट केव्हा शिकवायची हे सर्वस्वी मिस्त्रीवर अवलंबून असते, नकाशा वाचणे व हिशेब ही अंगे मागे राहतात, आणि शेवटी हाती कोणताही दाखला येत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था: आयटीआयमधील सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्यासाठी किमान आठवी उत्तीर्ण असावे लागते. महाराष्ट्रातील या संस्थांचे कामकाज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण उमेदवारास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते.

शिकाऊ उमेदवारी: शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार आस्थापनांत विद्यावेतनावर प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेता येते. आयटीआयनंतर असा काळ पूर्ण केल्यास वर्गात शिकलेल्या गोष्टींना कामाच्या वेगाची व अचूकतेची जोड मिळते.

पीएम विश्वकर्मा योजना: १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी ती असून तीत ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात प्रतिदिन ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे.

अभ्यासक्रमातील मुख्य विषय

हत्यारे: करवत, रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट, गुण्या, ओळंबा व पाणसळ यांचा वापर आधी शिकवला जातो. त्यांना धार लावणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. बोथट पटाशीला अधिक जोर द्यावा लागतो व ती घसरून हाताला इजा होते. त्यानंतर वर्तुळाकार करवत, यांत्रिक रंधा, राऊटर अशी विजेवरची यंत्रे येतात.

लाकडाची ओळख: साग, शिसम, शिवण, बाभूळ, आंबा इत्यादी लाकडांचे गुण वेगवेगळे असतात. ओल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली गेले की लाकूड आकसू लागते. हे आकुंचन लांबीच्या दिशेने नगण्य, तर वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वाधिक असते. त्यामुळे न सुकवलेल्या लाकडाची फळी पिळवटते, पन्हळीसारखी वाकते किंवा चिरते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, त्याचेही कारण लाकडाने शोषलेला दमटपणा हेच आहे.

कृत्रिम फळ्या: आधुनिक फर्निचर मुख्यतः प्लायवूड, ब्लॉकबोर्ड व एमडीएफ यांचे बनते. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० ही भारतीय मानके आहेत. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटाला कोणता प्रकार वापरावा, हा निर्णय या माहितीवर ठरतो.

सांधे: अर्ध्या जाडीचा सांधा, कुसू व खाच यांचा सांधा आणि डोव्हटेल हे पायाभूत सांधे होत. ओढ, दाब व पीळ यांपैकी कोणता ताण येणार हे पाहून सांधा निवडला जातो.

मोजमाप व हिशेब: बाजारात इंच व सूत ही मापे रूढ आहेत (१ इंच = ८ सूत), तर नकाशे मिलिमीटरमध्ये असतात. सुताराला दोन्ही यावी लागतात. समजा, एका चौकटीसाठी ७ फुटांचे दोन उभे आणि ३ फुटांचा एक आडवा असे ४ × ३ इंच जाडीचे लाकूड लागते. एकूण लांबी १७ फूट होते. (१७ × ४ × ३) ÷ १४४ या सूत्राने सुमारे १.४२ घनफूट लाकूड येते. त्यात कापणीची घट वेगळी धरावी लागते. मोठ्या चौकटीचा काटकोन तपासण्यासाठी ३-४-५ ची पद्धत वापरतात: एका बाजूवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट खूण केल्यावर दोन खुणांमधील तिरके अंतर नेमके ५ फूट भरले पाहिजे.

निवासी व व्यावसायिक कामांतील फरक

निवासी कामात सुताराचा संबंध थेट घरमालकाशी येतो. जागा लहान, भिंती क्वचितच ओळंब्यात आणि मागण्या बदलत्या असतात. त्यामुळे जागेवर माप घेणे, खर्चाचा अंदाज देणे व उत्तम सफाई यांना महत्त्व असते.

व्यावसायिक कामात नकाशा, वेळापत्रक व इतर कारागिरांशी समन्वय निर्णायक ठरतो. फॉल्स सीलिंग, पार्टिशन व काउंटर यांबरोबरच मोठ्या बांधकामांवर शटरिंगचे काम असते. यात चूक झाल्यास केवळ माल वाया जात नाही, जीवही जाऊ शकतात. ओल्या काँक्रीटचा संपूर्ण भार काही दिवस साच्यावर व टेकूंवर असतो. आयएस ४५६ या मानकानुसार, साधे पोर्टलंड सिमेंट व किमान १५ अंश सेल्सिअस तापमान असताना, ४.५ मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस आणि ६ मीटरहून लांब तुळईचे २१ दिवस काढू नयेत. घाईने टेकू काढणे हे स्लॅब कोसळण्याचे एक ज्ञात कारण आहे.

सुरक्षा व आरोग्य

वर्तुळाकार करवतीत लाकूड अडकल्यास ते वेगाने कारागिराकडे फेकले जाते. म्हणून पात्याचे संरक्षक आवरण काढू नये, पात्याच्या रेषेत उभे राहू नये आणि हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ काम करू नये, हे आरंभीच शिकवले जाते. लाकडाचा भुसा दीर्घकाळ श्वासात जाणे घातक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली आहे, आणि तिचा संबंध विशेषतः नाकातील पोकळीच्या कर्करोगाशी आढळला आहे. मास्क, डोळ्यांचा चष्मा, कानांचे संरक्षण व धूळ ओढून घेणारे यंत्र ही साधने म्हणूनच आवश्यक मानली जातात.

इतर देशांतील पद्धती

जर्मनीत इमारतीचा सांगाडा उभारणारा सुतार व फर्निचर बनवणारा सुतार हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. तेथील प्रशिक्षण साधारण तीन वर्षांचे असून उमेदवार कार्यशाळा व व्यवसाय शाळा या दोन्हींत आलटून पालटून शिकतो. त्यानंतर तीन वर्षे व एक दिवस गावोगाव फिरून काम करण्याची जुनी प्रथा काही तरुण आजही पाळतात. अमेरिकेत सुतारांची प्रमुख संघटना १८८१ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली. तेथे शिकाऊ उमेदवारी साधारणपणे चार वर्षांची असते.

रोजगार

प्रशिक्षित सुतार बांधकाम कंपन्या, फर्निचर कारखाने, रेल्वे यांसारख्या ठिकाणी नोकरी करू शकतो किंवा स्वतंत्रपणे ठेके घेऊ शकतो. सरकारी भरतीत व परदेशी नोकरीत प्रमाणपत्राला महत्त्व असते, तर खासगी कामे मुख्यतः केलेल्या कामाच्या लौकिकावर मिळतात. मिस्त्रीकडे शिकलेल्या कारागिरांसाठी पूर्वज्ञानाची मान्यता ही सोय उपलब्ध आहे. तीत चाचणी घेऊन त्यांच्या अनुभवाधारित कौशल्यास प्रमाणपत्र दिले जाते.