शेवाळ खाणारा मासा हवाय? आधी त्याचं तोंड बघा!

मुलांनो, बिडकीनच्या उन्हात फिशटँक खिडकीजवळ ठेवला, की थोड्याच दिवसांत काच हिरवट दिसायला लागते. दगडांवर तपकिरी थर चढतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "दुकानातून एक सकर मासा आण, तो सगळं साफ करतो."

जरा थांबा. तो हिरवा थर म्हणजे घाण नाही. ते शेवाळ आहे, अगदी बारीक वनस्पतींसारखे जीव. त्यांना ऊन मिळालं, माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून खत मिळालं, की ते वाढणारच. आणि काही माशांचं तर ते रोजचं जेवण आहे! हे जेवण कोण आणि कसं जेवतं, ते आधी बघू.

माशाचं तोंड बघितलं, की त्याचं खाणं ओळखता येतं. डास होऊ नयेत म्हणून हौदात आणि टाक्यांत गप्पी मासे सोडतात ना? गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, कारण डासांच्या अळ्या पाण्याच्या वरच्या थरात असतात. सकरचं तोंड मात्र खाली, पोटाच्या बाजूला असतं. त्याचे ओठ पसरट, गोल. ते काचेला घट्ट चिकटतात आणि आतले बारीक दात शेवाळ खरवडतात. मासा काचेला चिकटलेला असताना बाहेरून भिंग धरा. खरवडणं अगदी स्पष्ट दिसतं.

आता एक कोडं. मासा तोंडाने पाणी आत घेतो आणि कल्ल्यांमधून बाहेर सोडतो, असाच तो श्वास घेतो. मग ज्याचं तोंड दगडाला चिकटलेलं आहे, त्याने पाणी घ्यायचं कुठून? दुकानात 'चायनीज अल्गी ईटर' नावाचा सोनेरी किंवा तपकिरी मासा मिळतो. त्याने याचं उत्तर शोधलंय. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्याच्या वर एकेक जास्तीची फट असते. वरच्या फटीतून पाणी आत, खालच्या फटीतून बाहेर! तोंड आपलं खाण्यात गुंतलेलं. मला तर हे फार भारी वाटतं.

पोटातही गंमत आहे. शेवाळ पचायला वेळ लागतो, म्हणून शेवाळ खाणाऱ्या बऱ्याच माशांचं आतडं शरीरापेक्षा कितीतरी लांब असतं आणि जिलबीसारखं वेटोळं करून बसलेलं असतं.

असे मासे फक्त परदेशातच असतात असं नाही. गोदावरी, भीमा यांसारख्या आपल्या नद्यांत आणि ओढ्यांत मळ्या नावाचा छोटा मासा राहतो. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा भाग असतो. पावसाळ्यात पाणी धो धो वाहत असलं, तरी तो या चकतीने खडकाला धरून राहतो आणि शेवाळ खात बसतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यात हा मासाही आहे, आणि त्यांनी दिलेलं 'मुल्या' हे नाव आजच्या 'गारा मुल्या' या शास्त्रीय नावात टिकून आहे.

आता दुकानात जाऊ. बोटाएवढा सकर दिसायला गोड असतो, पण तो वाढून फुटभर आणि त्याहूनही मोठा होतो. दोन फुटांच्या टँकमध्ये त्याला नीट वळताही येत नाही. मग लोक त्याला नदीत नाहीतर तळ्यात सोडतात, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात हे सकर सापडतात. त्यांचे काटेरी पर जाळ्यात अडकतात, जाळी फाटतात, आणि खायला त्यांना फारसं कुणी घेत नाही. अंडी घालायला ते काठात बिळंही करतात. आपला नाथसागर जलाशय इथून किती जवळ आहे! तेव्हा टँकमधला कोणताही मासा धरणात, विहिरीत किंवा नाल्यात कधीच सोडू नका. नको झाला, तर दुकानदाराला परत द्या.

चायनीज अल्गी ईटरची फट कितीही भारी असली, तरी मोठेपणी तो भांडकुदळ होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चोखतो. ओटो हा दक्षिण अमेरिकेतला मासा जेमतेम चार सेंटिमीटरचा, शांत आणि फार गोंडस. पण त्याला सोबतीला चार-पाच ओटो लागतात आणि चांगला जुना, शेवाळ जमलेला टँक लागतो. नव्या टँकमध्ये तो उपाशी मरतो. शिवाय आपल्याकडचा मे महिना त्याला सोसत नाही.

पहिल्याच टँकसाठी मला विचाराल, तर मी काळी मॉली सांगेन. आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी क्षाराचं असतं, बादलीला पांढरे डाग पडतात ते त्यामुळेच. मॉलीला असंच पाणी आवडतं. कोमट पाणीही तिला चालतं. ती काचेला चिकटत नाही, पण दिवसभर दगडांवरचं, पानांवरचं शेवाळ टिपत फिरते. एक नर आणि दोन-तीन माद्या पुरेत, कारण मॉली अंडी न घालता थेट पिल्लंच देते, आणि भरपूर देते! टँक मोठा असेल आणि काचेला चिकटणाराच मासा हवा असेल, तर ब्रिसलनोज घ्या. तोही सकरच्याच कुळातला, पण वीतभरही होत नाही. नराच्या नाकावर मिशांसारखे मऊ फाटे फुटतात.

कोणताही मासा आणला, तरी दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलावं लागतंच. विष्ठा काही हे मासे साफ करत नाहीत. उन्हाळ्यात टँक खिडकीपासून दूर ठेवा आणि हवेचा पंप चालू ठेवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

आणि काच एकदम लख्ख झाली, तर मासा काय खाईल? त्याची सोय तुम्हीच करायची. काचेच्या बरणीत टँकचं थोडं पाणी घ्या, त्यात दोन-तीन गुळगुळीत दगड टाका आणि बरणी उन्हात ठेवा. दगड हिरवे झाले, की एक टँकमध्ये ठेवा. मॉलींनी तो कोरा केला, की पुन्हा बरणीत टाका आणि दुसरा काढा.