घरकर्जाच्या अर्जाआधी पतअहवाल

घर घेऊ पाहणारी कुटुंबे घराची किंमत, मासिक हप्ता आणि मुद्रांक शुल्क यांचा हिशेब काटेकोरपणे मांडतात. मात्र बँक ज्याच्या आधारे अर्जदाराची पारख करते, तो पतअहवाल अनेकांनी कधी उघडूनही पाहिलेला नसतो. पतअहवाल म्हणजे व्यक्तीने घेतलेली कर्जे, वापरलेली क्रेडिट कार्डे आणि त्यांची परतफेड यांची नोंद, आणि त्या नोंदींवरून काढलेला ३०० ते ९०० यांमधील आकडा म्हणजे पतगुणांक. व्यवहारात त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हटले जात असले, तरी ट्रान्सयुनियन सिबिलखेरीज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कंपन्याही २००५ च्या कायद्यानुसार आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली हेच काम करतात. सर्वसाधारणपणे ७५० च्या पुढचा गुणांक चांगला समजला जातो.

या आकड्यावर कर्जाची मंजुरीच काय, पुष्कळदा व्याजदरही अवलंबून असतो. पन्नास लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळाल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये बसतो, नऊ टक्क्यांनी मिळाल्यास सुमारे ४४,९८५. हा अर्ध्या टक्क्याचा फरक पूर्ण मुदतीत पावणेचार लाखांच्या वर जातो.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यागणिक चौकटी असतात आणि हप्ता किती दिवस थकला, हे तेथे नोंदलेले असते: ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे तीस दिवसांचा उशीर. थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली, की बँक ते खाते अनुत्पादित ठरवते. या चौकटी छत्तीस महिन्यांपर्यंतचा इतिहास दाखवत असल्यामुळे अर्जाच्या आदल्या आठवड्यात केलेल्या धावपळीने फारसे काही साधत नाही. तयारी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर आधी सुरू व्हावी. क्रेडिट कार्डाचा वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रचलित सल्ला योग्यच आहे, कारण बँक माहिती पाठवते त्या दिवशीची थकबाकी अहवालात जाते आणि पुढे बिल पूर्ण भरले, तरी तोवर वापर जास्त दिसत राहतो. थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे अर्ज करणेही टाळावे, कारण प्रत्येक चौकशीची नोंद होते.

मोठे नुकसान तडजोडीतून होते. थकलेल्या कर्जापोटी बँक कमी रक्कम स्वीकारून खाते मिटवते, तेव्हा कर्जदाराला सुटल्यासारखे वाटते. पण अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, ज्याचा अर्थ पुढची बँक ‘पूर्ण फेड झालेली नाही’ असा घेते. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरून, बेबाकीचा दाखला घेऊन शेरा बदलून घेणे हाच खरा उपाय होय. जामिनाचेही तसेच आहे. नातेवाईक किंवा सहकारी यांच्यासाठी सही आपल्याकडे भिडेखातर केली जाते, परंतु १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि त्या कर्जाची थकबाकी जामीनदाराच्याही अहवालात उमटू शकते.

काही नोंदी निव्वळ चुकीच्या असतात: फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर येणे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. चूक आढळल्यास त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करता येते, तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. जे या मार्गाने विनामूल्य होते, त्यासाठी ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. घर पसंत करून बयाणा देण्यापूर्वी चारही कंपन्यांचे अहवाल मागवून वाचावेत.