कल्ल्यांवरच्या कृमींची सात दशकं

मार्जारमीनांच्या कल्ल्यांना चिकटून राहणारे मोनोजेनिया गटातले चपटे कृमी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतात. त्यांना नावं देण्याचं काम आपल्याकडे मार्गी लागलं ते लखनौला. 1952 साली एस. एल. जैन यांनी शिवडा, म्हणजे वालागो अट्टू, या माशाच्या कल्ल्यांवर एक नवी प्रजाती वर्णिली आणि लखनौ विद्यापीठातले कृमितज्ज्ञ जी. एस. थापर यांच्यावरून तिला ‘थापारोक्लायडस’ म्हटलं. एका जातीच्या नावात तर गोमती नदीच आली.

त्या काळी जात ओळखण्याची सारी भिस्त कृमीच्या अंगावरच्या आकड्यांवर. कृमी काचपट्टीवर घेऊन अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीन सोडलं की मऊ शरीर पारदर्शक होतं आणि कठीण भाग उठून दिसतात: मागच्या चकतीवरच्या मोठ्या आकड्यांच्या दोन जोड्या, त्यांना सांधणाऱ्या पट्ट्या, कडेचे चिमुकले आकडे आणि पुढे नराच्या जननेंद्रियाची नळी. ही मापं मायक्रॉनमध्ये घ्यायची. वरची काच जरा जास्त दाबली तरी आकडा कलतो आणि वेगळ्याच घाटाचा दिसतो. आपल्याकडच्या कित्येक ‘नव्या’ जाती अशा कललेल्या आकड्यांतून जन्मल्या असाव्यात, असं मला वाटतं.

1976 साली सोव्हिएत संशोधक गुसेव्ह यांचा भारतीय गोड्या पाण्यातल्या मोनोजेनियांवरचा 241 पानी प्रबंध ‘इंडियन जर्नल ऑफ हेल्मिन्थॉलॉजी’त आला. त्यांनी ‘सिल्युरोडिस्कॉइड्स’ ही प्रजाती मांडली. ती बरीच वर्षं चालली. मग 1996 मध्ये मलाया विद्यापीठाच्या सुझन लिम यांनी तिच्यातल्या जाती थापारोक्लायडसमध्ये हलवल्या, कारण जैन यांचं नाव आधीचं होतं. 2001 मध्ये लिम, टिमोफेयेवा आणि गिब्सन यांनी जुन्या जगातल्या मार्जारमीनांवरच्या अशा कृमींची एकत्र छाननी केली. नवं नाव देण्यापेक्षा हे निस्तरण्याचं काम मला मोठं वाटतं. त्यासाठी जुने नमुने पुन्हा काढून पाहावे लागतात.

मराठवाड्यात मत्स्यकृमींचा अभ्यास भरपूर झाला, पण त्याचा भर आतड्यातल्या पट्टकृमींवर राहिला. कल्ले मागे पडले. पुढे मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातून थापारोक्लायडसच्या डीएनए क्रमवारी येऊ लागल्या. आकड्यांचं चित्र आणि जपलेला नमुना सोबत असेल तरच त्या क्रमवारीचा उपयोग. नाहीतर चुकीचं नाव तेवढं पक्कं होतं.

आज कल्ल्यांवरचे कृमी नीट ओळखण्याचं हे काम तातडीचं झालंय ते आफ्रिकी, म्हणजे ‘थाई’ मांगुरामुळे. 2000 सालापासून बंदी असूनही तो उजनीच्या पट्ट्यात पाळला जातो. तो आणि देशी मागूर, दोघेही क्लारियस. क्लारियस माशांवरची ‘क्वाड्रिअकँथस’ ही प्रजाती पेपर्ना यांनी 1961 साली इस्राएलमधून वर्णिली. पुढे ती भारतातही सापडली. या मांगुराचे कल्ले त्याच पाण्यातल्या देशी मागुराच्या कल्ल्यांशी ताडून पाहायला हवेत, कारण या कृमीला मध्यस्थ यजमान लागत नाही. अंड्यातून सुटलेली अळी पोहत जाऊन थेट दुसरा मासा गाठते.