बंद पाकिटाची पारख : उत्पादनमार्गावरील क्ष-किरण तपासणीयंत्र

कारखान्यात एकदा मोहोरबंद झालेले पाकीट उघडून पाहता येत नाही, आणि तरीही त्यात धातूचा तुकडा, काच किंवा खडा गेलेला नाही, याची खात्री माल बाहेर पडण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.

या कामाचे जुने साधन म्हणजे मेटल डिटेक्टर. त्याच्या मधल्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, दोन्ही बाजूंच्या वेटोळ्यांतील संकेत एरवी परस्परांना रद्द करतात आणि धातूचा कण जाताच हा समतोल ढळतो. मात्र खारट, ओले पदार्थ स्वतःच विद्युतवाहक असल्याने खोटा इशारा देतात, तर ॲल्युमिनियमच्या वेष्टनापुढे हे साधन बहुधा लंगडे पडते.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले क्ष-किरण ही उणीव भरून काढतात. पट्ट्यावरून सरकणाऱ्या पाकिटावर नळीतून पंख्यासारखा पसरलेला किरणांचा पातळ पडदा सोडला जातो. खालील संवेदकांची रांग आरपार आलेले किरण मोजते आणि अशा एकेका ओळीतून संगणक संपूर्ण छायाचित्र जुळवतो. दाट आणि मोठ्या अणुक्रमांकाची वस्तू किरण अधिक शोषते, म्हणून तिची छाया गडद उमटते. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक १३ आणि लोखंडाचा २६ असल्यामुळे पातळ वेष्टन जवळजवळ पारदर्शक ठरते, पण आतला पोलादी तुकडा उठून दिसतो. दोष आढळताच हवेचा झोत किंवा ढकलदांडा ते पाकीट बाजूला काढतो.

या तपासणीने अन्न किरणोत्सारी होत नाही आणि वीज बंद होताच किरणही थांबतात. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार अशा क्ष-किरण तपासणीत अन्नाने शोषलेली मात्रा ०.५ ग्रेपेक्षा अधिक असू नये. एक ग्रे म्हणजे किलोग्रॅममागे एक ज्यूल ऊर्जा. भारतात किरणसुरक्षेचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले, मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

तथापि हे यंत्र वस्तू ओळखत नाही, केवळ किरण शोषण्यातील फरक जाणते. त्यामुळे केस, कीटक, लाकडाची काडी किंवा पातळ प्लॅस्टिक त्याच्या नजरेतून सहज निसटते. त्याची अचूकता टिकून आहे ना, हे पाहण्यासाठी ठरावीक मापाच्या पोलादी व काचेच्या गोळ्या बसवलेले नमुने ठरलेल्या वेळी पट्ट्यावरून पाठवावे लागतात. या मर्यादांमुळे चाळणी, लोहचुंबक आणि कामगारांची स्वच्छता यांना हे यंत्र पर्याय ठरू शकत नाही. ते शेवटचा पहारेकरी आहे, आणि आधीचे पहारे ढिले सोडणाऱ्या कारखान्याने केवळ त्याच्या भरवशावर ग्राहकाला निर्धोकपणाची हमी देऊ नये.